तुम्ही विचारलंत म्हणून: मार्कांसाठीच लिहिलं होतंस ना?

कॉलेजात असताना बाबांच्या आजारपणावर लिहिलंस, ते मार्कांसाठीच ना? हे इतक्या जणांनी विचारलंय, की एकदाच काय ते लिहून टाकते.

हो, मार्क होते. अनुभवलेखनाची असाइनमेंट होती. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांची 1988 ची सहा पायऱ्यांची चौकट दिली होती: काय घडलं, काय वाटलं, बरंवाईट काय, असं का झालं, काय शिकलात, पुढे काय कराल. पाचव्या पायरीवर काहीतरी शिकावंच लागतं. मीही शिकले. 'त्या रात्री मी बाबांचा हात सोडला नाही,' असं लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं.

पण रचून नव्हतं लिहिलं. त्या रात्रीनंतर सात-आठ महिन्यांनी, लिहिताना, मला खरोखर तसंच आठवत होतं.

बाबा गेल्यावर तीन वर्षांनी कपाट आवरताना जुनी वही हाताला लागली. त्याच रात्रीचं पान. निळं पेन, अक्षर उतरतं. 'बाबांनी दोनदा हाक मारली. मी झोपेचं सोंग घेतलं. आई उठली.' एवढंच. फरशीवर बसून कितीदा वाचलं, देव जाणे. तारीख पाहिली. अक्षर माझंच. मग हात कधी धरला होता? पहाटे? दुसऱ्या रात्री? बाबांना विचारता येत नाही, आणि आईला विचारायचा धीर अजून झालेला नाही.

1986 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कशी कळली' हे लिहून घेतलं होतं. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कितीतरी जणांची हकीकत पार बदललेली, खात्री मात्र पक्की. स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत येईना. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचाच संताप आला. आठवणीवर ढकललं की आपण सुटलो!

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मी म्हणते, खोटं लिहिलंस. ती म्हणते, मग वहीतल्या त्या तीन ओळी कुणी लिहिल्या? त्यांना कुठे मार्क होते?

वर्गात वाचलेला कागद आणि ते पान मी एकाच फाइलमध्ये ठेवलंय. आईच्या हाती लागणार नाही अशा जागी.