शूबर्टच्या कानावर न पडलेल्या दोन सिंफनी

सध्या आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची सी मेजर सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना), जिला ‘ग्रेट’ म्हणतात ती, बसवणं चाललंय. मी सेकंड व्हायोलिनला. शेवटच्या भागात आम्हाला ट्रिपलेटचे, म्हणजे तीन-तीन सुरांचे, तेच तेच गट पानंच्या पानं वाजवायचे असतात. मनगट भरून येतं. १८४४ साली लंडनमध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोन हीच सिंफनी बसवत होता, तेव्हा वादकांना या ट्रिपलेटचं हसू आवरेना आणि शेवटी त्याने ती कार्यक्रमातून काढून टाकली. त्या हसण्याचा मला राग येतो. खाली आम्ही न थांबता धावत असतो, म्हणून तर वर वूडविंड्सची (बासरी, ओबो अशा फुंकवाद्यांची) धून इतकी निवांत चालू शकते.

शूबर्टने ती १८२५-२६ मध्ये लिहिली आणि व्हिएन्नातल्या गेझेलशाफ्ट डेअर मुझिकफ्रॉइंडे या संगीतप्रेमींच्या संस्थेला अर्पण केली. संस्थेने १०० फ्लोरिन (तिथलं तेव्हाचं नाणं) दिले, पण लांब आणि अवघड म्हणून सिंफनी बाजूला पडली. १९ नोव्हेंबर १८२८ ला तो गेला. वय ३१. पुढे १८३९ च्या सुरुवातीला संगीतकार शुमान व्हिएन्नात आला असताना शूबर्टचा भाऊ फर्डिनांड याच्या घरी त्याला हे बाड सापडलं. त्याने ते जर्मनीतल्या लाइपझिगला धाडलं आणि २१ मार्चला मेंडेल्सोनने तिथे ती सिंफनी वाजवली. व्हिएन्नाने त्याच डिसेंबरात काय केलं? पहिले दोनच भाग वाजवले आणि त्या दोहोंच्या मध्ये इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या ऑपेरातलं गाणं घातलं!

शूबर्टची दुसरी न ऐकलेली सिंफनी, ‘अनफिनिश्ड’ म्हणजे अपुरी, तर आणखी उशिरा आली. हस्तलिखितावर तारीख आहे ३० ऑक्टोबर १८२२. दोन भाग पूर्ण, तिसऱ्याची जेमतेम सुरुवात. का थांबला, यावर लोक तर्क लढवत बसतात. मला त्यापेक्षा ते कागद कुठे राहिले, याचं जास्त वाईट वाटतं. ते होते ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, त्याचा मित्र आन्सेल्म ह्युटेनब्रेनर याच्याकडे, कित्येक दशकं. तो स्वतः संगीतकार. १८६५ मध्ये व्हिएन्नाचा संगीत-संचालक योहान हेरबेक त्याच्याकडे गेला, ‘तुमचीही रचना वाजवतो’ म्हणाला, तेव्हा कुठे कागद बाहेर आले. १७ डिसेंबरला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. ह्युटेनब्रेनरचं ओव्हर्चरही (ऑर्केस्ट्रासाठीची छोटी रचना) त्याच कार्यक्रमात वाजलं.

त्या दिवशी सिंफनी ‘पुरी’ करायला शूबर्टच्याच तिसऱ्या सिंफनीचा शेवटचा भाग जोडला होता. कंडक्टर कार्लोस क्लायबरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर केलेल्या रेकॉर्डवर योगायोगाने ‘अनफिनिश्ड’ आणि तिसरी, अशा दोन्ही सिंफनी आहेत. ‘अनफिनिश्ड’चा दुसरा भाग संपला की लगेच तिसरीचा शेवटचा भाग लावून बघा. अठरा वर्षांच्या पोराचा तो उड्या मारणारा आनंद एरवी मला फार आवडतो. तिथे मात्र तो क्षणभरही सोसवत नाही.