भिंतीवरचे पंचांग

ड्रेस्डेनला शिकत असताना नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी मी सकाळच्या बसने प्रागला गेलो. सहाच्या बसने परतायचे असल्यामुळे ठिकाणांची यादी आदल्या रात्रीच केली होती आणि तीत जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील खगोलीय घड्याळासाठी पंधरा मिनिटे राखली होती.

बाराच्या ठोक्याला चौक माणसांनी भरला. हाडांच्या सापळ्याने घंटेची दोरी ओढली, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या (शिष्यांच्या) मूर्ती सरकत गेल्या, सोनेरी कोंबडा आरवला आणि मिनिटभरात सारे आटोपले. ‘एवढेच?’ असा चेहरा करून लोक पांगले. मला मात्र डब्यातला पाव संपवायचा होता, म्हणून मी तिथेच उभा राहिलो आणि तबकडी वाचू लागलो.

१४१० साली कादानच्या मिकुलाश या घड्याळजीने घडवलेल्या त्या तबकडीवर वेळ ही जेमतेम एक बाब आहे. सूर्य कोणत्या राशीत आहे, चंद्राची कला किती आहे, ताऱ्यांवरून मोजलेला नक्षत्रकाल काय आहे, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या बारा भागांपैकी कितवा चालू आहे (हे भाग उन्हाळ्यात लांबतात आणि हिवाळ्यात आखडतात), हे सर्व तिथे एकाच वेळी दिसते. आजोबा रोज सकाळी पंचांग उघडून जे पाहत, ते या शहराने चौकातल्या भिंतीवर लावून ठेवले होते. फरक एवढाच की प्रागच्या तबकडीवरचा सूर्य धनू राशीत पोहोचला होता आणि आमच्या दिनदर्शिकेतला अजून वृश्चिकेत होता. सायन (ऋतूंवरून ठरणाऱ्या) आणि निरयन (ताऱ्यांवरून ठरणाऱ्या) राशींतले सुमारे २४ अंशांचे अंतर मी पुस्तकात वाचले होते, डोळ्यांनी प्रथमच पाहिले.

हे घड्याळ करणाऱ्याने दुसरे करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी एक कथा तिथे सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला ती नवी वाटत नाही आणि खरीही वाटत नाही.

दुपारी चार्ल्स पुलावर गेलो. तीस पुतळे, बोचरा वारा, एवढेच लक्षात आहे. शिवाय पायाभरणीची आख्यायिका. १३५७ सालच्या जुलैच्या ९ तारखेला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी पहिला दगड बसवला, कारण वर्ष, दिवस, महिना, तास आणि मिनिटे ओळीने लिहिली की १-३-५-७-९-७-५-३-१ असा चढता-उतरता आकडा होतो. मुहूर्त काढणाऱ्याने दक्षिणा नक्कीच वसूल केली असावी. किल्ल्याची चढण मी खालूनच पाहिली, कारण मला सूर्यास्ताला चौकात परतायचे होते.

त्या तबकडीच्या कडेला काळ्या वलयावर १ ते २४ असे सोनेरी आकडे आहेत. ते जुन्या बोहेमियन, म्हणजे चेक, कालगणनेचे असून तीत दिवस सूर्यास्ताला संपतो. आपल्या घटका सूर्योदयापासून मोजत, यांचे तास सूर्यास्तापासून. चार वाजून गेल्यावर सोनेरी हात २४च्या आकड्याशी आला. या वेळी प्रेषित नव्हते, कोंबडा नव्हता, आणि मान वर करून पाहणारेही फारसे कोणी नव्हते.

सहाला बस सुटली, तेव्हा माझ्या मनगटावर शनिवारच होता. त्या काळ्या वलयावर मात्र रविवारचे जवळजवळ दोन तास उलटून गेले होते.