पदरचं ०.७२

रात्रीचे पावणेदोन. झोप नाही.

कियाराने काही वावगं विचारलं नव्हतं. येऊन दोनच महिने झालेत, तिला खरंच माहीत नव्हतं. मीटिंगमध्ये माझा कोड स्क्रीनवर होता आणि तिने विचारलं, हा ०.७२ कुठून आला? मी म्हणाले, 'हिस्टॉरिकल आहे.' मार्कोने मान डोलावली, सगळे पुढच्या स्लाइडवर गेले.

हिस्टॉरिकल! दिवाळीत मीच टाकलाय तो.

द्रव आर्गॉनच्या टाकीतून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, गेल्यावर सिम्युलेशनमध्ये जेवढा उजेड पडायचा, तेवढा डेटात काही केल्या दिसेना. मग ०.७२ ने गुणलं. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, मला शाबासकी मिळाली. मापात पाप, आणि तेही दोन दशांशांपर्यंत अचूक.

संध्याकाळभर स्वतःची कीव करून झाली. आर्गॉनचा उजेड १२८ नॅनोमीटरचा. डोळ्यांना दिसत नाही, साध्या काचेतून जात नाही. टीपीबी या रसायनाचा लेप त्याला निळा करतो तेव्हा कुठे फोटोमल्टिप्लायरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या नळीला, कळतो. असल्या उजेडाचा हिशेब ठेवण्यात माझी तिशी चाललीय, आणि तो हिशेबही खोटा. आईचा फोन उचलला नाही. वास्तुशांतीला येणार का, हेच विचारणार होती. ते जाऊ दे.

०.७२.

जेवण गरम करताना एकेक संशयित पुन्हा उभा केला. गेन, म्हणजे नळी सिग्नल किती पट वाढवते तो आकडा? तो मी स्वतः मोजलाय. लेझर इतका मंद की बहुतेक वेळा काहीच येत नाही, कधीतरी एखादाच फोटोइलेक्ट्रॉन, उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन, आणि नळीत त्याचे कोटभर होतात. शून्याच्या सुळक्याशेजारचा तो छोटा उंचवटा मला तोंडपाठ आहे. तिथे २८ टक्के चुकायचे नाहीत. फोटॉन लायब्ररी, म्हणजे टाकीत कुठून निघालेला उजेड कुठल्या नळीपर्यंत किती पोचतो त्याचा तक्ता? टाकीचे ठोकळे पाडून प्रत्येकातून लाखो फोटॉन सोडले होते. विखुरण्याचं अंतर मीटरभर धरलंय, तेही पटण्यासारखं. लेप? लेपाबद्दल छातीठोकपणे कोण सांगणार.

मग उशिराचा उजेड. म्युऑनच्या उजेडातला जेमतेम पाव हिस्सा पहिल्या काही नॅनोसेकंदांत येतो, बाकीचा रेंगाळत. सिम्युलेशनमध्ये त्याचा ऱ्हासकाळ १.६ मायक्रोसेकंद लिहिलाय. डेटात फिट केला तर १.३. बहुधा नायट्रोजन. दहा लाखांत एखाददुसरा भाग असला तरी पुरतो, उजेड टाकायच्या आधीच आर्गॉनच्या जोड्यांना विझवतो. फिटला वीस मिनिटं लागली. दिवाळीतही वीसच लागली असती.

कागदावर मांडलं. उशिराचा उजेड १९ टक्क्यांनी घटतो, म्हणजे एकूण उजेड १४ टक्क्यांनी. एवढं बाजूला काढायला ०.७२ ला ०.८६ ने भागलं, झालं ०.८४.

हसूच आलं. एवढी रात्र जागून निम्मं पाप धुतलं, निम्मं अजून पदरात. खिडकीबाहेर उणे १८, टाकीत उणे १८६. इलिनॉयच्या जानेवारीत फरक तो काय, एका आकड्याचा.

कोडमधला ०.७२ खोडला, ०.८४ लिहिला. शेजारी टीप टाकली: 'कारण माहीत नाही.' खाली माझं नाव आणि तारीख. सकाळी कियारालाच दाखवते, तिला लेपाच्या मागे लावते. मार्को मान डोलावेलच.

सव्वादोन झाले. तिकडे दुपारचे पावणेदोन, जेवणं उरकली असतील. आई अजून आडवी झाली नसेल तर उचलेल.