वीज सहकारी संस्थेचा दहा वर्षांचा आराखडा: माझा अनुभव

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील एका वीज सहकारी संस्थेचा मी सभासद आहे आणि काही काळ तिच्या संचालक मंडळावरही होतो. तेथे १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने स्वस्त कर्जाची सोय झाली आणि खासगी कंपन्या जिथे तारा ओढायला तयार नव्हत्या, तिथे शेतकऱ्यांनी अशा संस्था उभ्या केल्या. ग्राहक हाच मालक असल्यामुळे वीज कमी पडली तरी आणि जास्त खरेदी झाली तरी भुर्दंड सभासदांनाच बसतो. वाढत्या मागणीचा आराखडा करणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली, ती याच काळजीच्या वातावरणात.

वर्षभरात किती युनिट लागतील हा मुख्य प्रश्न असेल, अशी माझी समजूत होती. आमच्या अभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत चर्चा वर्षातल्या एका तासावर आणून ठेवली. तारा, रोहित्रे आणि उपकेंद्रे कमाल मागणीच्या तासाला पुरतील अशीच बांधावी लागतात. ज्या संस्थेची कमाल मागणी १०० मेगावॉट आणि सरासरी ५० मेगावॉट आहे, तिचा लोड फॅक्टर ५० टक्के. म्हणजे तिने उभारलेल्या क्षमतेपैकी निम्मी सरासरीने पडून राहते आणि तिचा खर्च मात्र पूर्ण भरावा लागतो. शिवाय घाऊक वीज पुरवणाऱ्या मोठ्या संस्थेकडून येणाऱ्या बिलात युनिटांच्या रकमेबरोबर मागणी आकारही असतो, आणि आमच्या करारानुसार तो संपूर्ण यंत्रणेची मागणी शिखरावर असताना आम्ही किती भार खेचत होतो यावरून ठरतो.

सर्वाधिक वेळ जुन्या नोंदी तपासण्यात गेला. एखादा हिवाळा कडक गेला म्हणून मागणी वाढली, की खरोखरच ग्राहक आणि उपकरणे वाढली, हे वेगळे काढल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली किती उतरले याची बेरीज करून नोंदी सर्वसाधारण हवामानावर आणल्या जातात. एका फिडरचा, म्हणजे उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचा, तासागणिक आलेख मला आजही आठवतो: उन्हाळ्यातले संध्याकाळचे शिखर जवळजवळ जागच्या जागी होते, पण थंडीतल्या सकाळी सहा ते आठच्या दरम्यान रेषा दर वर्षी वर सरकत होती. त्या भागात गॅसऐवजी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने आत आणून घर तापवणारे यंत्र) बसवलेली नवी घरे झाली होती. कडाक्याच्या थंडीत हीट पंप अपुरा पडला की त्यातली विजेची कॉइल आपोआप सुरू होते, आणि ती सगळ्या घरांत साधारण एकाच वेळी सुरू होते. वार्षिक युनिटांच्या तक्त्यात यातले काहीही दिसले नसते.

वीज कुठून घ्यायची हा भाग तुलनेने लवकर आटोपला, कारण दीर्घ मुदतीच्या कराराने आम्ही जवळजवळ सगळी वीज त्या घाऊक संस्थेकडूनच घ्यायला बांधलेले होतो. बाजारभावावर विसंबू नये, यावर मात्र सर्वांचे एकमत होते. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या थंडीत विजेचा बाजारभाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या तेव्हाच्या कमाल मर्यादेवर अनेक दिवस टिकून राहिला आणि ब्राझोस इलेक्ट्रिक या मोठ्या सहकारी संस्थेने मार्चच्या पहिल्याच दिवशी दिवाळखोरीचा अर्ज केला. हे उदाहरण बैठकीत वारंवार निघत असे.

खरा वाद झाला तो एका डेटा सेंटरच्या अर्जावरून. त्याने मागितलेला भार आमच्या सगळ्या सभासदांच्या मिळून कमाल मागणीइतका होता. काही संचालकांना त्यात उत्पन्न दिसत होते, आणि ते चूक नव्हते, कारण असा ग्राहक दिवसरात्र सारखी वीज वापरतो आणि लोड फॅक्टर सुधारतो. पण असे विकासक एकाच प्रकल्पासाठी अनेक ठिकाणी चौकशी करून ठेवतात; त्यांतले किती प्रत्यक्षात उभे राहतील, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. अंदाज अधिक अचूक करत बसण्यापेक्षा, तो चुकला तर पैसे कोण भरणार हे आधी लिहून घ्यावे, असे माझे मत तिथे पक्के झाले. अखेर तो भार मूळ अंदाजातून बाहेर काढून स्वतंत्र शक्यता म्हणून दाखवला गेला. उपकेंद्राचा खर्च अर्जदाराने आगाऊ भरावा, तारण ठेवावे आणि वापर कमी झाला तरी किमान मागणी आकार द्यावा, अशा अटी मंडळाने मंजूर केल्या.

त्या हीट पंपांच्या फिडरसाठी नवे रोहित्र मागवायचे ठरले, परंतु मोठ्या रोहित्रांसाठी त्या वेळी दोन वर्षांहूनही अधिक थांबावे लागत होते. मधल्या काळासाठी पाणी तापवण्याच्या टाक्यांवर नियंत्रक बसवण्याची योजना आखली: सभासदाच्या संमतीने शिखराच्या तासात टाकी बंद ठेवायची आणि त्याबदल्यात बिलात सवलत द्यायची. टाकीतले पाणी तासन्‌तास गरम राहत असल्यामुळे बहुतेकांना फरक जाणवत नाही. जुन्या, लहान टाक्यांच्या घरांनी मात्र तक्रारी केल्या आणि त्यांना योजनेतून वगळावे लागले. दोन उपकेंद्रे जोडणाऱ्या नव्या वाहिनीचा निर्णय मंडळाने पुढे ढकलला असून, आणखी एका हिवाळ्याच्या नोंदी हाती आल्यावर तो पुन्हा चर्चेला येणार आहे.