तांदळाच्या ताटातलं नाव : आईला सिडनीला आणण्याचा माझा अनुभव

२० मार्च २०२० च्या रात्री ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली. तेव्हापासून १ नोव्हेंबर २०२१ पर्यंत माझे आई-वडील इथल्या नियमांच्या भाषेत माझे 'जवळचे नातेवाईक' नव्हते. जवळचे म्हणजे नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुलं आणि कायदेशीर पालक. मोठ्या झालेल्या मुलीची आई त्यात बसत नव्हती. ही गोष्ट आजही मला बोचते आणि इथल्या बऱ्याच मराठी घरांत ती तशीच बोचत असणार.

मी बाबांना शेवटचं पाहिलं ते मोबाइलच्या स्क्रीनवर. २०२१ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा होता आणि साताऱ्यात ऑक्सिजनचा बेड मिळणं नशिबावर होतं. २७ एप्रिलपासून भारतातून येणारी विमानं बंद झाली होती. ३ मेपासून तर १५ तारखेपर्यंत, गेल्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकालासुद्धा परत यायला बंदी होती. मोडली तर ६६,६०० डॉलर दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद. इथून बाहेर पडायलाही वेगळी परवानगी लागायची. घरात सात वर्षांची मुलगी, मी जाऊन अडकले असते तर कधी परतले असते कोण जाणे. मी गेले नाही. आईने एकटीने सगळं केलं. मी एकुलती एक. त्यामुळे १५ ऑक्टोबरला पंतप्रधान मॉरिसन यांनी आई-वडिलांचाही 'जवळच्या' माणसांत समावेश होईल असं जाहीर केलं, तेव्हा मी स्वयंपाक तसाच सोडून फोनला धावले. सिडनीचा साडेतीन महिन्यांचा लॉकडाउन चारच दिवसांपूर्वी उठला होता.

आईचा व्हिसा २०१९ मध्ये तीन वर्षांसाठी मिळालेला होता, तो चालू होता. कोविशील्डचे दोन डोस झाले होते आणि १ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने ती लस मान्यही केली होती. न्यू साउथ वेल्समध्ये लस घेतलेल्यांना १ नोव्हेंबरपासून हॉटेलातलं विलगीकरण नव्हतं. राहिला फक्त सूट मागण्याचा ऑनलाइन अर्ज. तो मुलाने किंवा मुलीने इथून भरायचा, सोबत स्वतःच्या नागरिकत्वाचा पुरावा, आईचा पासपोर्ट आणि नात्याचा पुरावा जोडायचा. नात्याचा पुरावा म्हणजे माझा जन्मदाखला. तो माझ्याकडे होता. वसुबारसेच्या दिवशी मी अर्ज भरला आणि आईला सांगितलं, फराळाचं इकडेच करू.

भाऊबीजेला उत्तर आलं. नात्याचा पुरावा पुरेसा नाही, विनंती नामंजूर. चार ओळींचं पत्र. फोन नंबर नाही, कुणाशी बोलायची सोय नाही. हवं तर नवीन अर्ज करा.

पाच-सहा वेळा दाखला वाचल्यावर कळलं. दाखल्यावर वडिलांचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, पण आईचं पहिलं नाव माहेरचं. माझा जन्म १९८० चा, पहिलं बाळंतपण माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नगरपालिकेत नोंद करायला आजोबा गेले. त्यांनी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, ज्या नावाने ते तिला हाक मारायचे ते. सासरी तिचं नाव बदललं होतं. आणि पासपोर्ट, आधार, बँक, पेन्शन, सगळं सासरच्या नावावर. नाव बदलल्याचा कागद कुठे? कुठेच नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले आणि ते तांदूळ पुन्हा डब्यात गेले. आपल्याकडच्या आईच्या पिढीतल्या किती बायकांचं नाव असंच बदललं असेल! १९७८ च्या लग्नाची कुठे नोंदणीही नव्हती.

मला वाटलं, सरळ आहे, दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घेऊ. इथे मी चुकले आणि त्यात जवळजवळ तीन आठवडे गेले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मामेभाऊ नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात गेला. पहिल्या दिवशी संबंधित कारकून रजेवर. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पण सोबत आत्या स्वतः हव्यात, सही समोर लागेल. आई साताऱ्यात, आणि एसटीचा संप सुरू झालेला. आगारांत गाड्या उभ्या. वडापवाले तिप्पट मागत होते आणि ६७ वर्षांच्या बाईला कोरोनाच्या दिवसांत जीपमध्ये दहा जणांत कोंबून पाठवायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी खासगी गाडी केली. आई सकाळी निघाली, साडेअकराला पोचली. साहेब मीटिंगला. चार वाजता आले, कागद पाहिले आणि म्हणाले, उद्या या. आई त्या रात्री माहेरी राहिली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते भावाने मला जसंच्या तसं सांगितलं.

"काय दुरुस्त करायचंय?"

"आत्याचं नाव."

"चुकलंय का ते?"

"नाही, चुकलं नाही. हे माहेरचं आहे, आता सासरचं लावायचंय."

"मग दुरुस्ती कसली? जन्म झाला त्या दिवशी जे सांगितलं ते लिहिलं. चूक असेल तर दुरुस्त होते. इथं चूक कुठाय? राजपत्रात नाव बदला, मग बघू."

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात १५ व्या कलमाखाली नोंद दुरुस्त होते, हे मी इंटरनेटवर वाचून ठेवलेलं. भावाने ते त्यांना सांगितलं. त्यांनी सांगितलं, मग तसा आदेश आणा. आदेश कुणाचा, तर तहसील कार्यालयात विचारा. तहसील कार्यालयात म्हणाले, हे नगरपालिकेचं काम. भाऊ चार वेळा गेला. प्रत्येक वेळी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून. मी रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, फोन करायचे आणि तो म्हणायचा, "ताई, आज पण नाही." त्याच्या आवाजात कंटाळा कधी आला नाही, त्याचं मला आजही अप्रूप आहे. मला मात्र राग यायचा. त्या कार्यालयाचा, या पोर्टलचा, चार ओळींच्या त्या पत्राचा. आईवर पण एकदा चिडले, तिने नाव का बदलू दिलं म्हणून. फोन ठेवल्यावर रडले.

आज शांतपणे पाहिलं तर त्या कारकुनाचं म्हणणं खरं होतं, सांगायची पद्धत वाईट होती एवढंच. नोंद खोटी नव्हती. मला दाखला बदलायचा नव्हताच मुळी. दोन्ही नावांची बाई एकच आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर आई नोव्हेंबरातच इथे असती. कुणी याच वाटेने जात असेल तर आधी हा फरक ओळखा. दुरुस्तीच्या मागे लागलात की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहाल. नावं जोडणारे कागद मात्र घरातच सापडतात.

मला ते सापडले २५ नोव्हेंबरच्या रात्री. मुलीच्या शाळेसाठी जुना पत्त्याचा पुरावा शोधत होते आणि कपाटात तळाशी माझा जुना भारतीय पासपोर्ट मिळाला. नागरिकत्व घेतल्यावर तो जमा करावा लागतो, रद्दचा शिक्का मारून परत देतात. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर आई-वडिलांची नावं नसतात, त्यामुळे माझ्या डोक्यातच नव्हतं. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असतात. मी पान उघडलं. वडिलांचं नाव, आणि त्याखाली आईचं. सासरचं. जसं तिच्या पासपोर्टवर आहे, अक्षर न अक्षर तसं. भारत सरकारने छापलेल्या कागदावर, मी तिची मुलगी आहे असं लिहिलेलं माझ्याच कपाटात दहा वर्षं पडून होतं.

मग सगळं भराभर झालं. आईच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पतीचं नाव आहे, तेच माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचं. आईने साताऱ्यात नोटरीसमोर शंभराच्या स्टँपवर इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं : ही दोन्ही नावं माझीच, पहिलं लग्नाआधीचं, दुसरं नंतरचं. सोबत तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि १९७८ ची लग्नपत्रिका. पत्रिका आजीच्या ट्रंकेत होती, ती भावानेच शोधली. हळदीचा डाग पडलेली, घडीवर फाटलेली, 'चि. सौ. कां.' पुढे आईचं माहेरचं नाव आणि 'चि.' पुढे बाबांचं. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं पुण्यातून करून घेतली. माझं आडनाव लग्नानंतर बदललंय, म्हणून माझा विवाह नोंदणीचा दाखलाही लावला. तो पहिल्या अर्जात लावायचा मी विसरले होते, तुम्ही विसरू नका. वर एक पानाचं पत्र लिहिलं, कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे आणि ते कशाला जुळतं, ओळीने. माझ्या मते त्या पत्रानेच काम केलं. तपासणाऱ्याला आपली नाव बदलायची पद्धत माहीत नसते, ती आपण सांगावी लागते.

२७ नोव्हेंबरला अर्ज केला. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉन हे नाव दिलं होतं आणि मला वाटलं, झालं, आता पुन्हा दार लावणार. विद्यार्थी आणि कामाच्या व्हिसावाल्यांचं १ डिसेंबरचं येणं खरोखरच १५ तारखेपर्यंत पुढे ढकललं. आई-वडिलांच्या परवानग्या मात्र चालू राहिल्या. १ डिसेंबरला सकाळी ट्रेनमध्ये असताना मंजुरीचा ईमेल आला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने विचारलं, बरं वाटतंय ना? मी तिला फोन दाखवला.

लशीच्या प्रमाणपत्राबद्दल मधेच सांगायला हवं होतं. तेव्हा कोविनचं साधं प्रमाणपत्र चालत नव्हतं. परदेश प्रवासासाठीचं वेगळं मिळायचं, त्यावर पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक असायचा. आईचं नाव आधारवर आडनाव आधी असं होतं, ते पासपोर्टसारखं करून घेतलं. नावाच्या बाबतीत मी आता कशाचीच जोखीम घेत नव्हते. आरटी-पीसीआरच्या रिपोर्टवरही पासपोर्ट क्रमांक छापून घेतला, नमुना देतानाच सांगितलं. तो विमान सुटण्याआधीच्या ७२ तासांतला लागायचा. ऑस्ट्रेलिया ट्रॅव्हल डिक्लरेशन नावाचा फॉर्म उलट, निघण्याच्या निदान ७२ तास आधी भरावा लागायचा. या दोन ७२ तासांत माझा गोंधळ झाला होता, म्हणून मी कागदावर तारखा मांडल्या. संप चालूच असल्याने साताऱ्याहून मुंबईपर्यंत गाडी केली, मुंबईहून दिल्ली आणि तिथून सिडनी. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवली, त्यामुळे दिल्लीत आईला कुठेच धावपळ झाली नाही.

मुंबईच्या काउंटरवर आईकडे मंजुरीचा ईमेल मागितला. मी तिला छापील दोन प्रती दिल्या होत्या, एक पर्समध्ये, एक बॅगेत. फोनवर दाखवायचं म्हटलं असतं तर तिला मेल उघडताच आला नसता. सिडनीत उतरल्यावर अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि लशीचा कागद पाहिला. जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका, सगळी फाईल ती छातीशी धरून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

ओमिक्रॉनमुळे घरी ७२ तास वेगळं राहायचं होतं आणि पोचल्यावर पहिल्या २४ तासांत चाचणी. तिला मागची खोली दिली. मुलगी दाराबाहेर उशी घेऊन बसायची आणि आजी आतून गोष्ट सांगायची. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई ओट्याशी उभी होती, चहाचं आधण ठेवलेलं, साखरेचा डबा कुठे आहे ते शोधत. मी मागून जाऊन तिला धरलं. दोन वर्षं आणि एक महिना झाला होता. बाबांचं नाव दोघींनीही काढलं नाही, त्या दिवशी तरी नाही.

आणि एक राहिलंच. भारतीय पासपोर्ट जमा करणार असाल तर त्याआधी शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि परत मिळालेला पासपोर्ट कपाटाच्या तळाशी टाकू नका. आईची लग्नपत्रिका मी आता त्याच पासपोर्टात ठेवली आहे, घडी न पाडता.