कुमरानच्या गुहा आणि पौलाचं पत्र

यरुशलेमहून बस उतरणीला लागली की हिरवा रंग भराभर विरत जातो. समुद्रसपाटीची पाटी मागे पडते, आणि मृत समुद्राच्या वायव्य काठावर कुमरानचे अवशेष दिसू लागतात. या वैराण जागी पावसाचं पाणी टाक्यांत साठवून राहणारी जुन्या काळची ज्यू माणसं शास्त्र कसं वाचत होती, याच ओढीने मी इथवर आले होते.

पठाराच्या टोकावरून समोर चौथी गुहा दिसते. तिथे ५०० हून अधिक हस्तलिखितांचे तुकडे मिळाले. माझं मन मात्र उत्तरेकडच्या पहिल्या गुहेत होतं. १९४७ च्या सुमारास बेदुईन (भटक्या अरब) मेंढपाळांना तिथे ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरचं भाष्य आहे. आधी मूळ वचन, मग त्याचा आपल्या काळाला लावलेला अर्थ, अशी त्याची रीत. भाष्यकार किती धीट! काळाचा शेवट केव्हा, हे देवाने संदेष्ट्याला कळवलं नव्हतं, पण संदेष्ट्यांच्या शब्दांतली गुपितं त्याने ‘नीतिमत्त्वाच्या गुरू’ला, म्हणजे त्या पंथाच्या गुरूला, उलगडून दाखवली, असं तो लिहितो. नीतिमान विश्वासाने जगेल, हे हबक्कूकचं वचन तो नियमशास्त्र (मोशेचे नियम) पाळणाऱ्या आणि त्या गुरूवर निष्ठा ठेवणाऱ्यांना लावतो. तेच वचन ख्रिस्ती प्रेषित पौल रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिताना ख्रिस्तावरच्या विश्वासासाठी घेतो, तेही नियमशास्त्राच्या कर्मांवर भिस्त ठेवू नका हे सांगायला.

दुसऱ्या दिवशी यरुशलेमच्या संग्रहालयात, पांढऱ्या घुमटाखाली, मी या भाष्याची छायाचित्रं फोनवर मोठी करून पाहिली. लेखन नेहमीच्या चौकोनी अक्षरांत, पण देवाचं नाव आलं की जुनी हिब्रू अक्षरं. केवढा हा धाक!

एकच देव, ही ‘शमा’ या ज्यू प्रार्थनेची घोषणा या सगळ्यांच्या ओठांवर होती. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनीही, त्यांची परंपरा सांगते, बाकीच्या प्रार्थना विसरल्यावर तेवढी जपली. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, मूर्तींच्या नैवेद्याबद्दल लिहिताना, पौल याच घोषणेचा आधार घेतो: आपल्याला एकच देव, पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त. येशूला असं देवासोबत ठेवून त्याने एकेश्वरवाद सोडला, असं कुणी म्हणेल, पण हे मला पटत नाही. मूर्ती काहीच नाही, हे तो तिथेच ठासून सांगतो. वचनातून आपल्या काळाचा माणूस शोधण्याची त्याची रीत कुमरानच्या ओळखीची आहे. मात्र सापडलेल्या गुंडाळ्यांत त्या गुरूला ‘शमा’च्या आत कुणी बसवलेलं नाही. पौलाने येशूला तिथे नेलं, आणि माझ्या मते वाट इथे फुटते.