लाइट आली, आकडे नाही आले

दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. शीतगृहातले सेन्सर तापमान पाठवतात, कोपऱ्यातल्या डेबियन लिनक्सच्या छोट्या डब्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवर, मॉस्किटो हा सेन्सरचे निरोप गोळा करणारा प्रोग्रॅम ते घेतो. द्राक्षं शून्य-एक अंशावर राहायला हवीत, त्यामुळे स्क्रीन कोरा दिसला की सुपरवायझरचा फोन आलाच. "सर, रात्री लाइट गेलती. आली, पण आकडे नाही आले." यूपीएस आहे तिथे, बॅटरी केव्हाच मेलीय, वर चहाचे कप ठेवतात.

हाताने सुरू केली की मॉस्किटोची सर्व्हिस मुकाट चालायची. म्हणजे कॉन्फिग ठीक, घोळ वेळेचा. 'जर्नल-सीटीएल -बी -यू मॉस्किटो' देऊन तिचा लॉग पाहिला: 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस', पुन्हा पुन्हा तेच, आणि शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. सर्व्हिस १८८३ पोर्टवर एका ठरावीक आयपीवर (नेटवर्कवरच्या पत्त्यावर) ऐकते, आणि तेव्हा तो आयपी मशीनला मिळालेलाच नसतो. रीस्टार्ट लावलेलं होतं, पण सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) मुळात १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि १० सेकंदांत ५ झाले की नाद सोडतो.

आयपी उशिरा का? तो राउटरकडून डीएचसीपीने, म्हणजे आपोआप वाटप होऊन येतो, आणि मधला नेटवर्क स्विच जुनं एसटीपी चालवतो, म्हणजे केबलींचा फेरा तर झाला नाही ना हे आधी तपासतो. लिंकचा दिवा लागला तरी स्विचवरचा पोर्ट (केबलचं भोक) १५ सेकंद लिसनिंगमध्ये, १५ लर्निंगमध्ये; तोवर डब्याचं एकही पॅकेट पुढे जात नाही. एसएसडीवाला डबा केव्हाच उठून बसलेला असतो.

सर्व्हिस कधी, कशी सुरू करायची हे सांगणाऱ्या युनिट फाइलीत 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' होतं. त्याने आयपी मिळाल्याची हमी मिळत नाही. 'सिस्टिम-सीटीएल एडिट' करून नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेटसाठी (बूट होताना नेटवर्क खरंच लागल्याचा टप्पा) 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' दोन्ही टाकले. नुसतं 'आफ्टर' क्रम लावतं, कुणाला उठवत नाही. शिवाय नेटवर्कची वाट पाहणारं सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन इनेबल लागतं, नाहीतर ते टार्गेट कुणासाठी न थांबता पार होतं. 'रीस्टार्टसेक' (दोन प्रयत्नांमधला वेळ) १० सेकंद केलं, म्हणजे ती पाचाची मर्यादा आड येत नाही.

आरसी.लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलीत 'स्लीप ६०' (साठ सेकंद थांब) ठोकणारे बरेच भेटतात. चालतं ते, पण का चालतं हे पुढच्या माणसाला कळत नाही.

नेटवर्क स्विचवर डब्याचा पोर्ट एज पोर्ट केला (म्हणजे न थांबता लगेच सुरू होणारा), तीस सेकंद तिथेच वाचले. मग जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरला विचारून, लाइटचा मेन स्विच पाडला आणि चढवला. कीबोर्डला हात न लावता आकडे आले.